गॅपच्या डावीकडचे दोन रकाने

गुरोबी नावाचा सॉल्व्हर, म्हणजे इष्टतमीकरणाचे प्रश्न सोडवणारा प्रोग्राम, चालू केला की तो साधारण दर पाच सेकंदांनी पडद्यावर एक ओळ टाकतो. ओळीत दहा रकाने असतात आणि बघणाऱ्याची नजर एकाच रकान्यावर खिळलेली असते: गॅप. तो 12 टक्के होता, 5 झाला, 3.2 झाला आणि तिथेच बसला. चहा पिऊन आलं तरी 3.2. मग कोणी सेटिंग बदलून बघतो, कोणी जास्त कोअरचं मशीन मागतो, कोणी 'चालू दे रात्रभर' म्हणून घरी जातो. यांतलं काहीही करण्याआधी गॅपच्या डावीकडचे दोन रकाने वेगवेगळे वाचावेत. गॅप हा त्या दोघांवरून काढलेला आकडा आहे. दुखणं त्या दोघांपैकी कोणाचं, हे तो सांगत नाही.

एक कंपनी गोदामं कुठे उघडायची हे ठरवते आहे असं धरू. प्रत्येक जागेसाठी एक चल: उघडलं तर 1, नाही तर 0. कुठल्या गोदामातून कुठल्या गावाला किती टन माल जाईल याचे वेगळे चल, आणि ते अपूर्णांकात चालतात. अटी सगळ्या सरळ रेषेतल्या, आणि एकूण खर्च कमीत कमी हवा. काही चल पूर्णांक, काही मोकळे, म्हणून हे मिश्र-पूर्णांक इष्टतमीकरण. विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, कारखान्यांची वेळापत्रकं, उद्या कुठला वीजसंच चालू ठेवायचा हे निर्णय, सगळे याच साच्यात बसतात. अडचण संख्येची आहे. होय-नाहीचे नुसते 33 चल असले तरी त्यांच्या जुळण्या 859 कोटींच्या घरात जातात.

सगळ्या जुळण्या तपासायच्या नाहीत, यासाठीची युक्ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी 1960 साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात मांडली. कामासाठी पैसा ब्रिटिश पेट्रोलियमचा होता. युक्ती अशी: पूर्णांकाची अट तात्पुरती विसरा. मग उरतं ते साधं रेषीय गणित, आणि ते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत जॉर्ज डँट्झिगने 1947 मध्येच दिली होती. उत्तर येईल ते कदाचित '0.3 गोदाम उघडा' असं विचित्र असेल, पण त्याचा खर्च ही तळाची हमी असते, कारण अट सैल केल्यावरही यापेक्षा स्वस्तात काम झालं नाही. मग त्या 0.3 वर फांदी फोडायची: एका फांदीत गोदाम बंद, दुसऱ्या फांदीत उघडं. दोन्हीकडे पुन्हा तेच. एखाद्या फांदीची हमीच हातातल्या उत्तरापेक्षा महाग निघाली, की ती अख्खी फांदी न बघता छाटायची. या पद्धतीला 'ब्रँच अँड बाउंड' हे नाव तीन वर्षांनी, फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावरच्या एका लेखात मिळालं. त्या लेखाच्या चार लेखकांपैकी एक कट्टा मूर्ती.

सॉल्व्हर पडद्यावर टाकतो त्या सगळ्या ओळी म्हणजे लॉग, आणि त्यातला मधला मोठा तक्ता म्हणजे या छाटणीची रोजनिशी. त्यातला 'इनकंबंट' म्हणजे आतापर्यंत सापडलेलं सगळ्यात स्वस्त, सगळ्या अटी पाळणारं, खरोखर वापरता येईल असं उत्तर. 'बेस्ट बाउंड' म्हणजे अजून न छाटलेल्या सगळ्या फांद्यांमधली सर्वांत खालची हमी, म्हणजेच यापेक्षा स्वस्त उत्तर असूच शकत नाही असं सिद्ध झालेली रेषा. खर्च कमी करायचा असेल तर पहिला आकडा वरून खाली येतो, दुसरा खालून वर चढतो. नफा वाढवायचा असेल तर उलट. एक आकडा शोधाचा, दुसरा पुराव्याचा. ही दोन कामं इतकी निराळी आहेत, की एक मजेत चाललेलं असताना दुसरं ठप्प असणं ही रोजचीच गोष्ट.

खरं उदाहरण घेऊ. 1983 साली क्राउडर, जॉन्सन आणि पॅडबर्ग यांनी शून्य-एकच्या दहा खऱ्याखुऱ्या प्रश्नांवर एक लेख लिहिला. त्यातला सर्वांत लहान प्रश्न 33 चलांचा, सर्वांत मोठा 2756 चलांचा. मिपलिब या सार्वजनिक संग्रहात पी0033 आणि पी2756 या नावांनी ते आजही मिळतात. पी0033 चं खरं उत्तर 3089. पूर्णांकाची अट सैल केली की मात्र 2520.57 येतं. आता समजा, सॉल्व्हरला सुरुवातीलाच नशिबाने 3089 हे उत्तर सापडलं. लॉग काय दाखवेल? इनकंबंट 3089, बाउंड 2520.57 आणि गॅप 18.4 टक्के. उत्तर हातात आहे, अचूक आहे, आणि तरी लॉगवर अठरा टक्क्यांची तूट. ती सगळीच्या सगळी पुराव्याची. इथून पुढे सॉल्व्हर तास घेवो की दिवस, उत्तर एका पैशानेही सुधारणार नाही. फक्त बाउंड चढत राहील.

यातही एक मेख आहे. हीच स्थिती स्किप नावाच्या बर्लिनमधल्या सॉल्व्हरमध्ये उभी राहिली तर तो गॅप 22.6 टक्के लिहील. दोघांचं गणित बरोबर आहे. इनकंबंट आणि बाउंड यांच्यातल्या फरकाला गुरोबी इनकंबंटने भागतो, स्किप त्या दोन आकड्यांपैकी लहानाने. दोन सॉल्व्हरचे गॅप शेजारी ठेवून 'हा पुढे आहे' म्हणणाऱ्या सादरीकरणांत हे बहुधा कोणी तपासलेलं नसतं.

शिवाय गॅप टक्क्यांत असतो, म्हणून तो पायावर अवलंबून. उद्दिष्टात काहीही ठरवलं तरी न बदलणारा शंभर कोटींचा स्थिर खर्च मिसळला असेल, तर 0.01 टक्के हा बारीकसा वाटणारा गॅप म्हणजे लाख रुपये. आणि 0.01 टक्के हीच गुरोबी, सीप्लेक्स आणि हाय्ज या सॉल्व्हरची न सांगता धरलेली थांबण्याची रेषा आहे. 'ऑप्टिमल सोल्यूशन फाउंड' या वाक्यापुढे कंसात 'टॉलरन्स' म्हणून जो चिमुकला आकडा छापलेला असतो तो हाच. उलट उद्दिष्ट शून्याच्या आसपास असेल तर गॅप शेकडो टक्के दिसतो आणि त्याला काही अर्थ नसतो. अट मोडल्यास दहा लाखांचा दंड असं मॉडेल लिहिणाऱ्यांच्या लॉगमध्ये गॅप बराच वेळ 99 टक्के असतो आणि शेवटचा दंड निघून गेल्याक्षणी 2 टक्क्यांवर कोसळतो. तो चमत्कार नव्हे. आधीचा आकडा दंडाचा होता, एवढंच.

आता लॉगच्या माथ्याकडे जाऊ, कारण तक्ता सुरू व्हायच्या आधीच बरीच माहिती येऊन गेलेली असते आणि ती वाचली जात नाही.

पहिल्या ओळी मोजदादीच्या: अटी इतक्या, चल इतके, त्यांतले पूर्णांक इतके, सारणीतल्या शून्येतर नोंदी इतक्या. या कंटाळवाण्या ओळींत मॉडेलमधल्या चुका सर्वांत स्वस्तात सापडतात. चाळीस गोदामं आणि पाचशे गावं असतील तर वाहतुकीचे चल वीस हजार हवेत. लॉग एकोणीस हजार पाचशे म्हणत असेल, तर एक गोदाम विदागारातून येतानाच गळलं आहे, आणि त्यापुढचं कितीही सुंदर उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे.

त्याखाली सहगुणकांचे पल्ले छापलेले असतात: सारणीतला लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा, उद्दिष्टातले, सीमांतले, उजव्या बाजूचे. एका टोकाला एक दशलक्षांश आणि दुसऱ्या टोकाला एक कोटी दिसलं की सावध व्हावं. संगणकाच्या दशांश गणिताला पंधरा-सोळा अंकांचीच अचूकता असते आणि सॉल्व्हर अट 'पाळली' म्हणतो ती साधारण एक दशलक्षांशाच्या चुकीपर्यंत. बहुतेक वेळा अशा रुंद पल्ल्याला निसर्ग जबाबदार नसतो. कोणी तरी एके ठिकाणी ग्रॅम आणि दुसरीकडे टन लिहिलेले असतात.

मग प्रीसॉल्व्ह. इथे सॉल्व्हर प्रश्न सोडवण्याआधी त्याची साफसफाई करतो: निरुपयोगी अटी काढतो, ज्यांची किंमत आपोआप ठरते ते चल हटवतो, सीमा आवळतो. 'इतक्या ओळी, इतके स्तंभ काढले' असं तो सांगतो. निम्मं मॉडेल उडालं तर घाबरायचं कारण नाही. सगळंच उडालं तर मात्र आपण काही तरी क्षुल्लक विचारलं आहे किंवा एखादी अट लिहायलाच विसरलो आहोत. पुष्कळांना गोंधळात टाकणारा 'इनफीझिबल ऑर अनबाउंडेड' हा शेराही इथलाच. उत्तर अस्तित्वात नाही की खर्च अनंतापर्यंत खाली जातो आहे, यातलं नेमकं काय हे सॉल्व्हर का सांगत नाही? कारण प्रीसॉल्व्हच्या काही युक्त्या 'उत्तर असेल तर ते असं असेल' या तर्कावर चालतात. त्या तर्काने प्रश्न मोडला, की दोन्ही शक्यता उरतात. त्या युक्त्या बंद करून पुन्हा चालवलं की खुलासा होतो. उत्तरच नसेल, तर एकमेकांशी भांडणाऱ्या अटींचा, एकही काढली तरी भांडण मिटेल असा, गट काढून द्यायची सोय बहुतेक सॉल्व्हरमध्ये आहे. शंभर ओळींच्या लॉगपेक्षा त्या चार अटी जास्त बोलतात.

यानंतर मुळाशी, म्हणजे झाडाच्या पहिल्या नोडवर, सैल केलेला प्रश्न सुटतो. एकूण वेळाचा मोठा हिस्सा इथेच गेला असेल तर फांद्या, गॅप वगैरे बाजूला ठेवा, त्रास रेषीय गणिताचाच आहे. अशा वेळी सिम्प्लेक्सऐवजी बॅरिअर पद्धत वापरून बघतात. ही पद्धत ज्या अंतर्बिंदू कुळातली, त्या कुळाला खरी उभारी 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांच्या शोधनिबंधाने मिळाली. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर. लॉगमध्ये 'बॅरिअर' ही पाटी दिसते तेव्हा तिच्या मागे ही परंपरा असते.

मुळावरच्या ओळींत नोडचा आकडा बराच वेळ 0 राहतो आणि बाउंड मात्र टप्प्याटप्प्याने चढतो. सॉल्व्हर तिथे छेद घालत असतो, म्हणजे अपूर्णांकी उत्तरं कापून टाकणाऱ्या, पण एकाही पूर्णांकी उत्तराला हात न लावणाऱ्या जादा अटी. राल्फ गोमरीने 1958 मध्ये अशा छेदांची पद्धत दिली. पुढे ती पुस्तकात शोभणारी पण प्रत्यक्षात न चालणारी समजली गेली, आणि 1990 च्या दशकात बालास, चेरिया आणि कोर्न्यूएजोल यांनी तिला पुन्हा कामाला लावलं. छेदांचा परिणाम किती, हे पी2756 वर दिसतं. सैल प्रश्नाचं उत्तर 2688.75, खरं उत्तर 3124. म्हणजे सुमारे 14 टक्क्यांची तूट. क्राउडर आणि मंडळींनी छेद घातल्यावर तळ 3115 च्या आसपास आला आणि तूट अर्ध्या टक्क्याच्याही आत. मग फांद्या फोडायला फारसं काही उरलंच नाही. लॉगच्या शेवटी 'कटिंग प्लेन्स' या मथळ्याखाली गोमरी, कव्हर, एमआयआर अशा नावांपुढे जे आकडे येतात ते या छेदांचे. ती यादी वाचून निर्णय घेता येईल असं क्वचितच काही मिळतं. मुळावर बाउंड किती चढला, हे जास्त मोलाचं.

आता तक्ता. डावीकडचे दोन आकडे बघून झालेल्या आणि बघायच्या राहिलेल्या नोडचे. राहिलेले वाढतच असतील तर झाड छाटणीपेक्षा वेगाने फुटतं आहे, आणि स्मृतीही तितकीच खाल्ली जाते आहे. त्यानंतर चालू नोडचं उद्दिष्ट, त्याची खोली, आणि किती पूर्णांक चल अजून अपूर्णांकात अडकले आहेत ती संख्या. ओळीच्या सुरुवातीला 'एच' हे अक्षर असेल तर नवं उत्तर अंदाजी पद्धतीने मिळालं, फुली असेल तर फांद्या फोडता फोडता. सीप्लेक्समध्ये फुलीला जोडून अधिकचं चिन्ह आलं तर ते अंदाजाचं. हाय्ज आता कुठल्या अक्षराचा अर्थ काय याची किल्ली लॉगमध्येच छापतो. ही सभ्यता इतरांनीही घ्यावी. गुरोबी आणि सीप्लेक्सचे लॉग मात्र सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, आणि ते साहजिक आहे. 1988 चा सीप्लेक्स रॉबर्ट बिक्सबीचा, आणि 2008 मध्ये सुरू झालेली गुरोबी ही कंपनी सीप्लेक्समधून बाहेर पडलेल्या गू, रॉथबर्ग आणि बिक्सबी या तिघांची. कंपनीचं नावही तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांतून जुळवलेलं.

मग निदानाकडे. बाउंड चढतो आहे पण इनकंबंट हलत नाही, किंवा इनकंबंटच्या जागी अजून नुसती आडवी रेघ आहे, तर शोध कमी पडत असण्याची शक्यता मोठी. फीझिबिलिटी पंपसारख्या अंदाजी पद्धतींना जास्त वेळ द्यावा, किंवा आपल्याकडे कालचं वेळापत्रक असेल तर तेच सुरुवातीचं उत्तर म्हणून द्यावं. दिलेलं उत्तर स्वीकारलं की नाही हेही लॉगमध्ये एका ओळीत येतं. ती ओळ शोधावी, कारण एक अट जरी मोडत असली तरी सॉल्व्हर कदाचित ते उत्तर बाजूला ठेवून पुढे जातो, आणि आपण मात्र ते वापरलं गेलं या समजुतीत राहतो.

उलट स्थिती जास्त वेळा येते: इनकंबंट पहिल्या दहा मिनिटांत चांगला झाला, बाउंड जागचा हलत नाही. इथे जास्त वेळ आणि जास्त कोअर यांचा उपयोग फार थोडा. दुखणं मॉडेलच्या लिखाणात असतं आणि दोन कारणं वारंवार भेटतात. एक, सममिती. दहा सारखीच यंत्रं असतील तर पहिल्याचं काम तिसऱ्याला आणि तिसऱ्याचं पहिल्याला दिलं तरी उत्तर तेच, पण झाडाला त्या दोन वेगळ्या फांद्या वाटतात आणि दोन्ही तपासाव्या लागतात. यंत्रांना क्रम लावणाऱ्या अटी घातल्या की बराच फरक पडतो. आधुनिक सॉल्व्हर सममिती स्वतः ओळखतात, पण सगळीच नाही.

दुसरं कारण 'बिग एम'. गोदाम बंद असेल तर त्यातून माल जाऊ नये, ही अट पुष्कळदा अशी लिहितात: माल हा एम गुणिले उघड-बंदच्या चलापेक्षा जास्त नसावा, आणि एम म्हणजे कुठला तरी मोठा आकडा. टंकायला सोपा म्हणून दहा लाख. त्या गोदामातून जास्तीत जास्त एक हजार टनच जाणार असतील, तर सैल प्रश्न म्हणतो: मी गोदामाचा हजारावा भाग उघडतो, हजारच्या हजार टन पाठवतो आणि गोदामभाड्याचाही हजारावाच भाग भरतो. सगळी गोदामं असं करतात. तळाची हमी जवळजवळ फुकट गोदामांच्या जगातली निघते आणि बाउंड खड्ड्यात अडकतो. एमच्या जागी खरीखुरी कमाल, एक हजार, लिहिली की तोच सॉल्व्हर, तेच मशीन, आणि मुळावरचाच बाउंड कितीतरी वर.

सेटिंग बदलून पळवलेल्या दोन लॉगची तुलना करताना हात आखडता ठेवावा. अटींचा क्रम बदलला किंवा यादृच्छिक बीज बदललं, म्हणजे गणिती अर्थाने काहीच बदललं नाही, तरी वेळ कित्येक पट कमी-जास्त होऊ शकतो. एमिली डाना यांनी 2008 च्या सुमारास याकडे लक्ष वेधल्यापासून संशोधक तुलना करताना पाच-दहा बीजांवर चालवून सरासरी पाहतात. कार्यालयांत मात्र एकाच लॉगवरून 'हे सेटिंग लागलं' असं ठरतं आणि ते वर्षानुवर्षं फाइलीत राहतं.

शेवटी निकालाच्या ओळी. 'टाइम लिमिट रीच्ड' म्हणजे अपयश नव्हे. हातात उत्तर आहे आणि ते जास्तीत जास्त किती टक्के महाग असू शकतं याची हमीही आहे. कित्येक धंद्यांना त्यापुढे जायची गरज नसते, कारण मागणीचा अंदाजच दहा टक्क्यांनी चुकणार असतो. खरी चिंता 'ऑप्टिमल' म्हणूनही खटकणाऱ्या उत्तराची. गुरोबी 0.00001 पर्यंतचा फरक पूर्णांकच धरतो. तेव्हा गोदामाचा चल 0.00001 असेल तर ते बंद समजलं जातं, आणि त्याच दहा लाखांच्या एममुळे त्या बंद गोदामातून दहा टन माल रीतसर बाहेर पडतो. गॅप शून्य, अटी पाळलेल्या, भाडं नगण्य. अशा वेळी चलांच्या किमती पूर्णांकात गोल करून उत्तर पुन्हा अटींत घालून बघावं, एम खाली आणावा, किंवा ती अट 'बंद असेल तर माल शून्य' अशी थेट लिहिण्याची सॉल्व्हरमधली सोय वापरावी. लॉगच्या शेवटी अटी मोडल्याचा इशारा आलाच असेल, तर तो वाचल्याशिवाय ट्रक भरायला सांगू नये.